विशेष शाळेचे आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत घर बघायला निघालं की आधी शाळेचं रेटिंग बघायचं, ही तिथल्या मराठी कुटुंबांची आता सवयच झाली आहे. पुढे कधी घरातल्या मुलाला ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असल्याचं निदान होतं, शाळेबरोबरच्या बैठकीत स्वतंत्र विशेष शाळेचा विषय निघतो, आणि आईबाप त्याच सवयीने त्या शाळेचे आकडे काढून बसतात. साठ-सत्तर मुलांची छोटी सरकारी शाळा. गणितात प्रवीण म्हणावीत अशी मुलं जवळजवळ नाहीत, चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणारे नगण्य, मुली अगदी कमी. काळजात धस्स होतं. असे आकडे खरे असतात. त्यांतून आपण काढतो ते निष्कर्ष मात्र बहुतेक वेळा चुकतात.

सगळ्यांत घातक समज म्हणजे ‘इथे मुलं काही शिकतच नाहीत’. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यानुसार तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना नेहमीच्या परीक्षेऐवजी पर्यायी परीक्षा देता येते. राज्यातल्या एकूण परीक्षार्थींपैकी जास्तीत जास्त १ टक्का मुलांनी ती द्यावी, अशी मर्यादा आहे. पण ती राज्याला लागू आहे, एकेका शाळेला नाही. राज्यभरातली ही मुलं थोड्याच विशेष शाळांत एकत्र येत असल्यामुळे एखाद्या शाळेत जवळपास सगळेच पर्यायी परीक्षेला बसलेले असू शकतात.

न्यू जर्सीसह अनेक राज्यांत ही परीक्षा ‘डायनॅमिक लर्निंग मॅप्स’ या पद्धतीने होते. न बोलणाऱ्या मुलासमोर शिक्षिका एकटी बसते, दोन वस्तू किंवा दोन चित्रं ठेवते. मूल हाताने दाखवतं, यंत्रावरचं बटण दाबतं किंवा नुसत्या नजरेने निवड करतं. तेच त्याचं उत्तर. गणितात प्रत्येक कौशल्याच्या पाच पायऱ्या असतात. सगळ्यांत खालची पायरी एकापासून दुसरी वस्तू वेगळी आहे हे ओळखण्याइतकी मूलभूत असू शकते. वर्षभराच्या मेहनतीने मूल एक पायरी चढलं, तरी अंतिम श्रेणी ‘लक्ष्याजवळ’ अशीच आली तर अहवालात ते ‘प्रवीण नाही’ याच रकान्यात जातं. वर्षभरात घडलेलं शिक्षण त्या टक्केवारीत दिसतच नाही.

‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलेलं दिसलं की शाळा काहीतरी लपवते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून लहान गटांचे निकाल राज्यच झाकतं. एका इयत्तेत चारच मुलं असतील आणि निकाल छापला, तर शेजारीसुद्धा कुणाला काय मिळालं ते सांगू शकेल. आणि छापले तरी असे आकडे डळमळीतच. आठ मुलांच्या गटात एक मूल परीक्षेच्या दिवशी आजारी पडलं की उपस्थिती थेट ८७.५ टक्क्यांवर येते, आणि कायद्याची अपेक्षा ९५ टक्क्यांची आहे.

हायस्कूल पूर्ण करण्याच्या प्रमाणाचंही तसंच. ते चार वर्षांच्या हिशेबाने मोजतात. अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा, ज्याचं मूळ १९७५ चं आहे, साधारण ३ ते २१ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. (आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा हक्क ६ ते १८ वर्षांचा आहे.) जो मुलगा विसाव्या वर्षी शाळेकडून बसने एकट्याने जायला, पैसे मोजायला, नोकरीचं काम करायला शिकतो आहे, तो आपला हक्कच वापरतो आहे. चार वर्षांच्या हिशेबात मात्र तो न उत्तीर्ण झालेल्यांत धरला जातो.

आता ‘तिथे कोणती मुलं येतात’ हा प्रश्न. मुलगे जास्त असणं हा त्या शाळेचा दोष नाही. देशभरातच मुलग्यांपैकी १८ टक्क्यांच्या आसपास विशेष शिक्षण घेतात, मुलींपैकी १० टक्के. मोफत जेवण घेणारे १०० टक्के दिसले म्हणजे सगळी घरं गरीब, असंही नाही. अनेक शाळांत एका केंद्रीय योजनेखाली उत्पन्न न विचारता सरसकट सगळ्यांनाच जेवण मिळतं. शिवाय नेहमीच्या सरकारी शाळेत त्या वस्तीतली मुलं असतात, तर विशेष शाळेत अनेक गावांतून बसने आलेली. त्यामुळे तिची तुलना शेजारच्या शाळेशी करण्यात अर्थ नाही. २०२२-२३ मध्ये देशात सुमारे ७५ लाख मुलं, म्हणजे सरकारी शाळांतली १५ टक्के, विशेष शिक्षण घेत होती. त्यांपैकी बहुसंख्य नेहमीच्याच शाळांत शिकतात. स्वतंत्र विशेष शाळेत जाणारी फार थोडी, आणि बहुधा सर्वांत जास्त मदत लागणारी. म्हणून विशेष शिक्षण घेणाऱ्या सर्व मुलांच्या सरासरीशी तुलना करणंही अन्यायाचंच.

पाच-सहा मुलांमागे एक शिक्षक, हे गुणवत्तेचं लक्षण असतंच असं नाही. त्या मुलांची ती गरज आहे. विचारायचं असेल तर वर्गात मदतनीस किती, वाचाउपचार आठवड्यातून किती वेळ, हे विचारा.

मराठी घरांतला एक गैरसमज मला फार छळतो. ‘मुलाचं बोलणं मागे आहे, आता घरात इंग्रजीच बोला.’ ऑटिझम असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे बोलणं आणखी मागे पडतं असं आढळलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा मुलापासून तोडू नका. शाळेच्या बैठकीतलं इंग्रजी तुम्हाला जड जात असेल, तर दुभाषा देणं शाळेवर बंधनकारक आहे.

विशेष शाळा एकदा मिळाली की कायमची, हेही खरं नाही. आयईपी, म्हणजे मुलासाठी लिहिलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा, दरवर्षी तपासावाच लागतो. मुलाचं पुनर्मूल्यांकन साधारणपणे तीन वर्षांतून एकदा होतं. आराखडा ठरवणाऱ्या समितीत आईबाप हक्काचे सदस्य असतात. २०१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एंड्र्यू एफ. खटल्यात एकमताने सांगितलं, की नाममात्र प्रगती पुरेशी नाही. आराखडा त्या मुलाच्या परिस्थितीत योग्य ती प्रगती घडवणारा हवा. त्या आराखड्यातल्या प्रत्येक उद्दिष्टावर मूल कुठवर आलं, हे शाळेने तुम्हाला ठरावीक काळाने लेखी कळवायचं असतं. शाळा निवडण्याआधी वर्ग बघायला जा, उद्दिष्टं कशी मोजतात ते विचारा. आणि मूल तिथे जाऊ लागलं, की रेटिंग बाजूला ठेवून तो लेखी अहवाल मागा.