डीएपीतील स्फुरद जमिनीत कुठे अडकते? क्ष-किरणांनी दिलेले उत्तर

मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीन-तुरीच्या पेरणीत डीएपीचा वापर मोठा आहे. ५० किलोच्या एका बॅगेत २३ किलो स्फुरद असते. मात्र चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्यातील बराचसा भाग त्या हंगामात पिकाला मिळत नाही.

माती परीक्षणातून उपलब्ध स्फुरद किती आहे ते कळते. पण उरलेले कोणत्या रूपात अडकले आहे हे कळत नाही. ते क्ष-किरण वर्णपटमितीने कळते. प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण एकदम जास्त शोषते. त्याच्या शेजारी कॅल्शियम, लोह की सेंद्रिय पदार्थ आहे, त्यानुसार या शोषणाच्या आलेखाचा आकार बदलतो. यासाठी माती आम्लात विरघळवावी लागत नाही. असे प्रखर क्ष-किरण सिंक्रोट्रॉन यंत्रातून मिळतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील 'इंडस-२' हे असेच यंत्र असून जस्त, लोह यांचा असा अभ्यास तेथे करता येतो.

ऑस्ट्रेलियातील अति चुनखडीच्या जमिनींवर या तंत्राने अभ्यास झाला. खताचा दाणा भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढतो. त्यामुळे स्फुरद दाण्याजवळच राहते आणि कॅल्शियमशी संयोग होऊन कमी विद्राव्य बनते. द्रवरूप खतातील स्फुरद जास्त दूर पसरले व कमी अडकले. आपल्या जमिनी वेगळ्या आहेत. त्यामुळे एवढ्यावरून महागडी द्रवरूप खते घेऊ नयेत. मात्र कॅल्शियमशी होणारी ही प्रक्रिया आपल्याकडेही होते.

काय करावे?

- ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फेस आल्यास जमिनीत चुनखडी आहे असे समजावे.
- डीएपी फेकून देऊ नये. पेरणी यंत्राने बियाण्याच्या बाजूला व थोडे खाली, ओळीत पेरून द्यावे. खताचा मातीशी संपर्क कमी येतो आणि मुळांना ते जवळ मिळते.
- बियाण्यास स्फुरद विरघळविणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया करावी. चांगले कुजलेले शेणखत द्यावे.
- झिंक सल्फेट डीएपीत मिसळू नये, वेगळे द्यावे. एकत्र केल्यास जस्तही अडकते.
- अहवालात स्फुरद भरपूर असल्यास शिफारशीनुसार मात्रा कमी करावी.

अडकलेले स्फुरद वाया जात नाही. ते पुढील हंगामांत हळूहळू सुटते. म्हणून पीक पिवळे दिसले की आणखी एक बॅग टाकण्याआधी माती परीक्षण अहवाल पाहावा.