एका स्तनाचा कॅन्सर बरा झाला, आता दुसऱ्याची धास्ती किती घ्यायची?

ऑपरेशन झालं, केमो संपली, केसही पुन्हा यायला लागले. घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. पण आंघोळ करताना हात नकळत दुसऱ्या स्तनाकडे जातो आणि मनात येतं, 'इथेही झाला तर?' हा प्रश्न तुम्हाला किंवा तुमच्या आईला, बहिणीला छळत असेल, तर त्याचं उत्तर बहुतेक जणींना वाटतं त्यापेक्षा बरंच दिलासा देणारं आहे.

आधी एक गैरसमज दूर करूया. दुसऱ्या स्तनात गाठ सापडली की 'पहिलाच पसरला' असं सगळे धरून चालतात. स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा तो सहसा हाडं, फुफ्फुसं, यकृत किंवा मेंदूत जातो. दुसऱ्या स्तनातला कॅन्सर बहुतेक वेळा अगदी नवा, स्वतंत्र असतो. त्याची बायोप्सी वेगळी आणि उपचारही वेगळे. वेळेत सापडला तर तो बराही होतो.

धोका नेमका किती?

आनुवंशिक दोष नसलेल्या बायकांमध्ये हा धोका वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे 10 वर्षांत 100 पैकी चार-पाच जणींना. उरलेल्या 95 जणींना होत नाही. (हा आकडा असा उलटा करून कुणी का सांगत नाही, कोण जाणे!)

बीआरसीए1 किंवा बीआरसीए2 या जनुकात दोष असेल तर मात्र चित्र बदलतं. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या कॅन्सरनंतर 20 वर्षांत बीआरसीए1 असलेल्या सुमारे 40 टक्के, तर बीआरसीए2 असलेल्या सुमारे 26 टक्के बायकांना दुसऱ्या बाजूला कॅन्सर झाला. पहिला कॅन्सर कमी वयात झाला असेल किंवा जवळच्या नात्यात स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. रक्त किंवा लाळेच्या नमुन्यावर ती होते. आणि हो, फक्त आजी-मावशीच नाही, आत्याचाही इतिहास सांगा. हा दोष वडिलांकडूनही येतो.

दोन्ही काढून टाकले तर?

2013 मध्ये अँजेलिना जोलीने दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हा विचार घराघरांत पोहोचला. पण तिला कॅन्सर झालेला नव्हता. तिच्यात बीआरसीए1चा दोष होता आणि तिची आई अंडाशयाच्या कॅन्सरने गेली होती. प्रत्येकीची गोष्ट तशी नसते.

2024 मध्ये टोरंटोच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एक लाखाहून जास्त रुग्ण बायकांच्या नोंदी तपासल्या. दुसरा स्तन तसाच ठेवलेल्यांपैकी सुमारे 7 टक्के जणींना 20 वर्षांत त्यात कॅन्सर झाला. दोन्ही काढलेल्यांमध्ये तो फारच कमी जणींना झाला. पण स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. जिवाला खरा धोका पहिला कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचा असतो, आणि निरोगी स्तन काढल्याने तो टळत नाही.

बीआरसीए दोष असेल तर हे ऑपरेशन नक्कीच विचारात घेण्यासारखं आहे. पण केवळ धास्तीपोटी, निदानाच्या त्याच आठवड्यात 'काढूनच टाका' म्हणू नका. त्या जागेची संवेदना जाते, जखम भरायला वेळ लागतो आणि गेलेलं परत येत नाही. हा निर्णय मूळ उपचार संपल्यावरही घेता येतो.

रोजची ती छोटी गोळी

पहिला कॅन्सर हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच वर्षं, कधी दहा वर्षंही घ्यावी लागते. टॅमॉक्सिफेनने दुसऱ्या स्तनातल्या कॅन्सरचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. तरीही कितीतरी बायका ती मध्येच सोडतात. अंगातून गरम वाफा येतात, सांधे दुखतात, शिवाय 'आता तर बरी आहे' असं वाटतं. सासऱ्यांची बीपीची आणि नवऱ्याची शुगरची गोळी वेळेवर हातात ठेवणारी बाई स्वतःची गोळी मात्र विसरते! त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. मनाने बंद करू नका. टॅमॉक्सिफेन सुरू असताना गर्भधारणा टाळावी लागते, आणि पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर लगेच दाखवायचं.

वजन आटोक्यात ठेवणं आणि दारू टाळणं हेही उपयोगाचंच.

दुसऱ्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी करायची, बीआरसीए असेल तर सोबत एमआरआयही. मधल्या काळात नवी गाठ, आत ओढलेलं स्तनाग्र, त्यातून रक्त किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आणि तपासणीला जाताना मागच्या वर्षीच्या मॅमोग्राफीच्या फिल्म्स फाइलमध्ये घालून न्या. जुनी आणि नवी फिल्म शेजारी ठेवली की छोटासा बदलही डॉक्टरांच्या लवकर लक्षात येतो.