औषध माशाला, उपासमार गाळातल्या जिवांना

चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रात सोडलेल्या जाळीदार पिंजऱ्यांत सालमन मासे वाढवतात. त्यांच्यात रोग पसरला की प्रतिजैविक खाद्यातूनच दिले जाते. आजारी मासा नीट खात नाही, तेव्हा काही दाणे तसेच तळाला जातात. खाल्लेल्या औषधाचेही तेच होते, कारण ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध माशाच्या आतड्यात फार थोडे शोषले जाते. बाकीचे विष्ठेतून गाळात उतरते. पाण्यात उजेडाने ते लवकर विघटित होते. गाळात उजेड कुठला? खोल थरातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायला 300 हून अधिक दिवस लागल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

याच गाळात एक मिलिमीटरच्या चाळणीतूनही खाली पडतील एवढे लहान प्राणी राहतात. चौरस मीटरभर जागेत ते दहा लाखांच्या घरात असू शकतात. त्यांत सर्वाधिक सूत्रकृमी, त्यांच्या खालोखाल बहुधा कोपेपॉड. प्रतिजैविक मारते ते जीवाणूंना, मग या प्राण्यांना त्याची झळ का लागावी, असे वाटणे साहजिक आहे. पण यांतल्या अनेकांचे अन्नच जीवाणू आहेत. काहींचे तर सारे आयुष्य जीवाणूंच्या सोबतीने चालते. स्टिल्बोनेमॅटिनी गटातले सूत्रकृमी गंधकावर जगणारे जीवाणू अंगभर पांघरतात आणि गाळात खाली-वर फिरून त्यांना कधी सल्फाइड, कधी प्राणवायू मिळवून देतात. अशा जोडीतला एकच जोडीदार औषधाच्या निशाण्यावर असला, तरी दुसरा सुटत नाही.

कोणाच्या ताटातले काय गेले, हे तोंडावरून ताडता येते. वीझर या अभ्यासकाने 1953 मध्ये सागरी सूत्रकृमींचे तोंडाच्या रचनेवरून चार आहारगट पाडले. ट्युनिशियातील घार अल मिल्ह या खाजणातल्या सूत्रकृमींवर पेनिसिलिन जी वापरून प्रयोग झाला, तेव्हा या गटांची आपसातली वाटणी बदलली. त्यातल्या मात्रा निसर्गात आढळतात त्याहून बऱ्याच जास्त होत्या, हे खरे. तरीही एखादा प्राणी किती मात्रेला मरतो एवढेच मोजून रसायन सुरक्षित ठरवणे मला अपुरे वाटते. अन्न संपून होणारे नुकसान त्या मोजणीत येतच नाही.

आणि हे नुकसान त्या प्राण्यांपुरते राहत नाही. भरपूर आणि विविध सूक्ष्म प्राणी असलेल्या बाल्टिक समुद्राच्या गाळात, ते कमी असलेल्या गाळाच्या तुलनेत, नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर जवळपास दुप्पट होते, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. शेतांतून वाहून आलेल्या खताचा भार समुद्र याच वाटेने हलका करतो.

नॉर्वेने 1987 मध्ये मत्स्यशेतीत सुमारे 50 टन प्रतिजैविके वापरली होती. पुढे माशांना लशी टोचायला सुरुवात झाली. आज तिथले उत्पादन कितीतरी पटींनी वाढले आहे आणि प्रतिजैविकांचा वापर वर्षाला एक टनाच्या आत आला आहे. चिलीत मात्र मुख्य रोगाचा जीवाणू माशाच्या पेशींच्या आत लपतो आणि लशी त्याच्यावर पुऱ्या पडत नाहीत. अलीकडच्या वर्षांतही तिथला वापर 300 टनांवरच आहे.