ट्रॉमा नर्सिंगचे कोर्स आणि त्यांच्या दर्जाची राखण

अपघातात जखमी झालेल्या माणसाला रुग्णालयात आणल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्याच्याजवळ सतत असते ती तातडीच्या विभागातली नर्स. श्वासमार्ग मोकळा आहे का, छाती दोन्ही बाजूंनी सारखी हलते का, रक्त कुठून वाहते आहे, शुद्ध किती आहे, हे ठरलेल्या क्रमाने पाहायचे आणि बिघाड सापडला की पुढे न जाता तिथेच उपाय करायचा, ही शिस्त शिकवण्यासाठी ट्रॉमा नर्सिंगचे अल्पमुदतीचे कोर्स तयार झाले. अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेस असोसिएशनचा ट्रॉमा नर्सिंग कोअर कोर्स, म्हणजेच टीएनसीसी, हा त्यांतला सर्वांत परिचित कोर्सांपैकी एक. संस्था 1970 मध्ये स्थापन झाली आणि हा कोर्स 1986 पासून सुरू आहे. पुस्तकाचा अभ्यास, दोन दिवसांचे वर्ग, लेखी परीक्षा आणि हाताने करून दाखवायची परीक्षा असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप आहे. उत्तीर्ण झाल्याची नोंद चार वर्षे ग्राह्य धरली जाते.

असा कोर्स एका इमारतीत, एकाच गुरूकडून शिकवला जात नाही. शेकडो रुग्णालयांत, अनेक देशांत, निरनिराळे प्रशिक्षक तो घेतात. महानगरातल्या ट्रॉमा सेंटरमध्ये मिळालेले उत्तीर्ण झाल्याचे कार्ड आणि गावातल्या छोट्या रुग्णालयात मिळालेले कार्ड यांचा अर्थ एकच असावा, ही जबाबदारी दर्जाच्या देखरेखीवर येते.

या सगळ्याची मुळे डॉक्टरांच्या कोर्सात आहेत. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर हे अस्थिशल्यविशारद स्वतः चालवत असलेले विमान नेब्रास्कातल्या शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली. मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात त्यांना जे उपचार मिळाले, त्यांत क्रम नव्हता आणि तयारीही नव्हती. त्या अनुभवातून स्टायनर यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यासक्रम उभा केला. त्याचा पहिला प्रयोग 1978 मध्ये नेब्रास्कातच झाला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो अॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट, म्हणजे एटीएलएस, या नावाने स्वीकारला. छोट्या गावातल्या जखमीलाही मोठ्या शहरातल्याइतकीच पद्धतशीर पहिली तपासणी मिळावी, हा त्यामागचा आग्रह होता. कोर्सचा दर्जा जागेनुसार बदलू लागला तर मूळ हेतूच हरवतो.

देखरेखीचा पहिला भाग आशयाचा. ट्रॉमाचे शास्त्र वेगाने बदलते. रक्तस्रावाने खचलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच दोन लिटर सलाइन द्यावे, असे एटीएलएस अनेक वर्षे शिकवत असे. 2018 च्या दहाव्या आवृत्तीत ते प्रमाण एका लिटरवर आले आणि रक्त व रक्तघटक लवकर सुरू करण्यावर भर वाढला. ट्रानेक्झामिक अॅसिड हे स्वस्त औषध दुखापतीनंतर तीन तासांच्या आत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे क्रॅश-2 या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीने 2010 पासून दाखवून दिले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली म्हणून जुने शिकवणे आपोआप थांबत नाही. दहा वर्षे एकाच पद्धतीने शिकवलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडी जुनीच वाक्ये बसलेली असतात. म्हणून नवी आवृत्ती आली की प्रशिक्षकांनी स्वतः पुन्हा शिकून दाखवावे, अशी अट चांगल्या कोर्समध्ये असते.

प्रशिक्षक निवडतानाही गाळणी लागते. नुसत्या उत्तीर्ण नर्सला शिकवायला उभे करत नाहीत. परीक्षेत वरच्या श्रेणीचे गुण, तातडीच्या विभागातला प्रत्यक्ष अनुभव, प्रशिक्षकांसाठीचा वेगळा कोर्स आणि त्यानंतर अनुभवी माणसाच्या नजरेखाली घेतलेले पहिले वर्ग, असा तो रस्ता आहे. पुढेही ठरावीक काळात शिकवत राहिले तरच प्रशिक्षक हा दर्जा टिकतो. प्रत्येक कोर्सला एक कोर्स डायरेक्टर असतो. साहित्य पुरेसे आहे का, गट लहान आहेत का, गुणपत्रके वेळेवर गेली का, तक्रार आली तर तिचे काय झाले, याचा जाब त्याच्याकडे असतो. हे काम कागदी आणि कंटाळवाणे दिसते. पण वीस जणांत एकच मॅनिकिन असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरावाची किती मिनिटे येतात हे याच कागदांवरून कळते.

खरी कसोटी कौशल्याच्या परीक्षेत लागते, आणि गळतीही सर्वांत जास्त इथेच होते. समोर पुतळा किंवा रुग्णाची भूमिका करणारा माणूस असतो. परीक्षक प्रसंग सांगतो: मोटारसायकलवरून पडलेला तरुण, नाडी 130, एका बाजूचा श्वास ऐकू येत नाही. नर्सने दुरून नजर टाकून मोठा रक्तस्राव आहे का ते पाहायचे, मानेला आधार ठेवून श्वासमार्ग तपासायचा, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध, मग कपडे दूर करून अंग पाहायचे आणि ऊब राखायची. परीक्षकाच्या हातातल्या यादीत काही पायऱ्या अत्यावश्यक म्हणून खूण केलेल्या असतात. टीएनसीसीमध्ये लेखी परीक्षेत 80 टक्के आणि कौशल्याच्या परीक्षेत 70 टक्के गुणांची मर्यादा दीर्घकाळ चालत आली; पण अत्यावश्यक पायरी चुकली तर बाकीचे गुण कामाला येत नाहीत. हा नियम कठोर वाटतो, तरी तो योग्यच आहे. श्वासमार्ग तपासायचा राहून गेला, तर बाकी सगळे सुबक करूनही जखमी वाचत नाही.

अडचण येते ती माणसांच्या चांगुलपणाची. परीक्षक आणि परीक्षार्थी बहुधा एकाच रुग्णालयातल्या, रात्रपाळ्या एकत्र केलेल्या. समोरची सिस्टर गोंधळली की परीक्षक हळूच विचारते, ‘आणखी काही बघायचंय का?’ एवढ्या प्रश्नाने विसरलेली पायरी आठवते आणि यादीत बरोबरची खूण पडते. कुणी फक्त ‘ब्रीदिंग तपासते’ असे म्हणते, छातीकडे वाकून पाहतही नाही, आणि तरी गुण मिळतात. कुठे प्रसंग आधीच फुटलेले असतात. रुग्णालयालाही सगळ्या नर्स उत्तीर्ण व्हायला हव्या असतात, कारण कोर्सचे पैसे त्यानेच भरलेले असतात आणि पाळ्या लावताना कार्ड असलेली नर्स लागते. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. म्हणूनच हा दोष आतून दिसत नाही, बाहेरच्या नजरेला दिसतो.

त्यावर उपाय आहेत. एकाच परीक्षार्थीला दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि ते किती जुळतात ते पाहावे. परीक्षकांनी कोर्सआधी एखादी ध्वनिचित्रफीत पाहून एकत्र गुण देण्याचा सराव करावा. स्वतःच्याच वॉर्डातल्या सहकाऱ्याची परीक्षा शक्यतो घेऊ नये. वर्षानुवर्षे कुणालाच नापास न करणारे केंद्र किंवा परीक्षक आकड्यांत वेगळे उठून दिसतात. तिथे निरीक्षकाने जाऊन बसावे. नापास होणाऱ्या नर्सला फेरपरीक्षा आणि सरावाची वेळ सन्मानाने मिळाली, तर परीक्षकाची दया दाखवण्याची गरजही कमी होते.

लेखी परीक्षेची देखरेख तुलनेने सोपी. प्रत्येक प्रश्नाला किती जणांनी बरोबर उत्तर दिले आणि एकूण चांगले गुण मिळवणाऱ्यांनी तो जास्त बरोबर सोडवला का, हे गणित मांडले की दुबळे प्रश्न लगेच उघडे पडतात.

कोर्सचा उपयोग किती झाला, हा प्रश्न याहून अवघड. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाचे मोजमाप चार पातळ्यांवर मांडले: शिकणाऱ्याला कोर्स कसा वाटला, तो काय शिकला, कामावर वागणे बदलले का, आणि अखेर परिणाम बदलला का. कोर्स संपताना भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद फक्त पहिली पातळी मोजतो, आणि बहुतेक ठिकाणी देखरेख तिथेच थांबते. चौथ्या पातळीवरचा पुरावा आजही अपुरा आहे. एटीएलएसवरच्या अभ्यासांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन समीक्षेला ज्ञान वाढल्याचे दिसले, पण मृत्यू कमी झाल्याचा पुरावा नियंत्रित चाचण्यांत सापडला नाही. दुसरीकडे, त्रिनिदादमध्ये जमील अली आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एटीएलएस सुरू झाल्यानंतर गंभीर जखमींच्या मृत्यूचे प्रमाण घटलेले आढळले. मात्र ती आधी-नंतरची तुलना होती. पुरावा नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही, पण कोर्स घेणाऱ्यांनी मोठे दावे करू नयेत एवढे त्यातून निश्चित होते.

शिकलेले विसरते, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. तथ्यांची आठवण काही महिन्यांतच ओसरू लागते; कामाचा क्रम आणि पद्धत त्यामानाने अधिक टिकते. त्यामुळे चार वर्षांनी एकदा होणारी फेरनोंदणी ही किमान मर्यादा समजायला हवी. मधल्या काळात वॉर्डातच पंधरा-वीस मिनिटांचे सराव आणि प्रत्यक्ष आलेल्या केसवरची चर्चा लागते, आणि ही जबाबदारी कोर्स चालवणाऱ्या संस्थेपेक्षा रुग्णालयावर जास्त आहे.

भारतात एटीएलएसची सुरुवात 2009 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या जयप्रकाश नारायण अॅपेक्स ट्रॉमा सेंटरमधून झाली. त्याला जोडून अॅडव्हान्स्ड ट्रॉमा केअर फॉर नर्सेस हा सोसायटी ऑफ ट्रॉमा नर्सेस या अमेरिकन संस्थेचा कोर्सही आला. यात नर्स डॉक्टरांबरोबर व्याख्याने ऐकतात आणि कौशल्यांचा सराव वेगळा करतात. देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली, हे केंद्र सरकारचे आकडे पाहिले की अशा नर्सची गरज वेगळी सांगावी लागत नाही. पण बाहेरचा कोर्स इथे घेताना देखरेखीत एक काम वाढते. कॅज्युअल्टीत एका सिस्टरकडे एकाच वेळी अनेक रुग्ण असतात, जखमी अनेकदा रिक्षातून किंवा खासगी गाडीतून मानेला आधार न देता आणलेला असतो, रक्त पेढीतून यायला वेळ लागतो. सरावाचे प्रसंग याच परिस्थितीतून घडवावे लागतात. तपासणीच्या अत्यावश्यक पायऱ्यांना मात्र धक्का लावता येत नाही.

जिथे ट्रॉमा रजिस्ट्री, म्हणजे प्रत्येक जखमीची शिस्तशीर नोंदवही ठेवली जाते, तिथे ही देखरेख वर्गाबाहेर पोचू शकते. शुद्धीची ग्लासगो मोजणी किती रुग्णांची लिहिली गेली, ट्रानेक्झामिक अॅसिड दारात आल्यापासून किती मिनिटांत मिळाले, शरीराचे तापमान मोजले का, हे नोंदींतून काढता येते. ज्या पायऱ्या वॉर्डात वारंवार सुटतात, त्यांचा सराव पुढच्या कोर्समध्ये वाढवला जातो.