चार चित्रपटांचा कारभार

मालाड ते जोगेश्वरी हे अंतर लोकलने जेमतेम दहा मिनिटांचे. कमाल अमरोही यांना ते तोडावयास नऊ वर्षे लागली. मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी त्यांनी १९४९ साली 'महल' दिग्दर्शित केला, आणि १९५८ मध्ये जोगेश्वरी-अंधेरीच्या पूर्वेस, महाकाली लेण्यांच्या परिसरात, सुमारे १५ एकरांवर 'कमालिस्तान' हा स्वतःचा स्टुडिओ थाटला. ज्या गृहस्थाने ३४ वर्षांत अवघे चार चित्रपट दिग्दर्शित केले, त्याने एवढ्या जमिनीचा मामला अंगावर का घ्यावा, असा प्रश्न कोणाही हिशेबी माणसास पडेल.

परंतु हिशेब हा अमरोहींचा प्रांतच नव्हे. १९१८ साली अमरोह्यात जन्मलेला हा मनुष्य मूळचा लेखणीचा. सोहराब मोदींच्या 'जेलर' (१९३८) आणि 'पुकार' (१९३९) या चित्रपटांच्या लेखनाने त्यांचे नाव झाले, आणि पुढे 'मुघल-ए-आझम'च्या चौघा संवादलेखकांतही ते होते. पल्लेदार वाक्यांचा हा धनी दिग्दर्शनास बसला तेव्हा मात्र त्याने 'महल'मध्ये शब्दांपेक्षा अंधारास अधिक काम दिले. छायालेखक जोसेफ विर्शिंग या जर्मन गृहस्थाने तो अंधार रंगविला, सोळा वर्षांची मधुबाला त्यात वावरली, आणि लता मंगेशकरांच्या गीताच्या पहिल्या तबकड्यांवर गायिकेच्या जागी पात्राचे, म्हणजे कामिनीचे, नाव छापले गेले.

'दायरा' (१९५३) आला नि गेला. १९५६ च्या सुमारास आरंभिलेला 'पाकीझा' मात्र १६ वर्षे चालला, आणि तेवढ्या अवधीत कृष्णधवलाचा रंगीत, रंगीताचा सिनेमास्कोप झाला. नायिका मीनाकुमारी, म्हणजे अमरोहींची पत्नी, १९६४ मध्ये विभक्त झाली व काम थांबले. विर्शिंग १९६७ मध्ये, संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ मध्ये वारले. आरंभी नायक म्हणून योजिलेले अशोककुमार अखेरीस नायिकेचे वडील झाले. पुन्हा चित्रीकरण सुरू झाले तेव्हा आजारी नायिकेच्या नृत्यासाठी पद्मा खन्ना हिला उभे करावे लागले. एवढ्या पडझडीतून निघालेल्या चित्रपटात सांधे दिसावयास हवे होते. ते दिसत नाहीत, याचे श्रेय मी पटकथेस देतो. आगगाडीच्या डब्यात निजलेल्या साहिबजानच्या, म्हणजे नायिकेच्या, पायाच्या बोटांत अनोळखी प्रवासी चिठ्ठी अडकवून जातो, आणि पुढे कोठ्यावर, रात्री, दुरून इंजिनाची शिटी आली की ती दचकते. नायक पडद्यावर नसतानाही त्या एका शिटीने तो हजर होतो.

४ फेब्रुवारी १९७२ रोजी 'पाकीझा' मराठा मंदिरात लागला. ३१ मार्चला मीनाकुमारी गेली. संगीताचे फिल्मफेअर पारितोषिक मृत गुलाम मोहम्मदांना नाकारल्याचा निषेध म्हणून प्राण यांनी स्वतःचे पारितोषिक स्वीकारण्यास नकार दिला, हा त्या व्यवसायातील दुर्मीळ सभ्यपणा. 'रझिया सुलतान' (१९८३) जड उर्दूच्या ओझ्याखाली बसला, आणि तेथे मला प्रेक्षकांचा दोष दिसत नाही.

मधल्या काळात कमालिस्तान इतरांच्या चित्रीकरणांना भाड्याने जात असे. तेथे चित्रित झालेल्यांपैकी एक 'अमर अकबर अँथनी'. त्याच्या दिग्दर्शकाचे, मनमोहन देसाईंचे, १९७७ या एकाच सालात चार चित्रपट लागले.