पडद्यावरची मोटार आणि सरावलेले हात

देगलूरहून एकीकडे नांदेड आणि दुसरीकडे हैदराबाद अशा रस्त्यावर ज्यांनी आयुष्यभर जीप, ट्रक, मोटार किंवा एस. टी. चालवली, त्यांच्या घरी हल्ली एक नवा प्रकार घडू लागला आहे. पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करणारा नातू सुटीत येतो, टीव्हीला गेमचे यंत्र जोडतो, आजोबांच्या हाती कंट्रोलर देतो आणि म्हणतो, ‘तुम्हाला तर येतंच, चालवा.’ पहिल्याच वळणावर मोटार गवतात जाते, दुसऱ्या वळणावर भिंतीवर आदळते. घरात हशा पिकतो आणि आजोबा कंट्रोलर खाली ठेवून देतात. ‘आता आपल्याला काही जमायचे नाही’ असा निष्कर्ष ते मनोमन काढतात. वाचकहो, हा निष्कर्ष फार घाईचा आहे, आणि त्याचे परिणाम कधी कधी खेळापुरते मर्यादित राहत नाहीत, म्हणून हा लेख.

वाहन चालवण्याचे कौशल्य केवळ डोळ्यांत नसते. ब्रेक दाबताच शरीर पुढे झुकते, वळणावर अंग एका बाजूला रेटले जाते, रस्त्याचा खडबडीतपणा आसनातून मणक्याला कळतो, आणि आतल्या कानातील तोलाची इंद्रिये वेगातील प्रत्येक बदल मेंदूला कळवीत राहतात. अनुभवी चालक वेगमापकाकडे न पाहता वेग सांगतो तो या साऱ्याच्या बळावर. टीव्हीसमोर बसल्यावर यांतील बहुतेक खुणा नाहीशा होतात. उरतात फक्त डोळे, इंजिनाचा आवाज आणि हातातील उपकरणाची थरथर. ज्या मुलाने खरी मोटार कधी चालवलीच नाही, त्याचे काही हरवलेले नसते. तो पहिल्यापासून डोळ्यांनीच शिकलेला असतो. आपल्याला मात्र चाळीस वर्षांच्या सवयीला वळसा घालून शिकावे लागते. पहिल्या दिवशीच्या फजितीत वयाचा वाटा असेलही, पण अनुभवाचाही वाटा मोठा आहे.

आता कंट्रोलरकडे पाहू. खऱ्या मोटारीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यास साधारण अडीच ते साडेतीन फेरे लागतात. कंट्रोलरवर तेच काम अंगठ्याखालची एक छोटी दांडी करते, आणि ती सरकते जेमतेम सेंटीमीटरभर. म्हणजे अंगठा किंचित हलला की स्टिअरिंग बरेच फिरले. सरावलेला हात सवयीने मोठी हालचाल करतो आणि मोटार रस्ता सोडते. यावर उपाय गेमच्या सेटिंगमध्येच असतो. नातवाला सांगून स्टिअरिंगची संवेदनशीलता कमी करून घ्यावी. ‘डेडझोन’ नावाची आणखी एक सोय असते. दांडी मधल्या जागेपासून किती हलेपर्यंत गेमने दखल घेऊ नये, हे तिथे ठरवता येते. ज्यांच्या हाताला कंप आहे, त्यांनी हा पट्टा थोडा रुंद करावा. मोटारीचे उगाच डुलणे बरेच कमी होते. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक कंट्रोलरच्या मागच्या बाजूला तर्जनीखाली असतात आणि त्यांना दाबाची मात्रा कळते. ते विजेच्या बटणासारखे खटकन दाबायचे नसतात; डॉक्टर सिरिंजचा दट्ट्या जसा हळूहळू रेटतात, तसे दाबायचे. एवढे एक ध्यानात आले तरी पहिल्या संध्याकाळचे निम्मे अपघात टळतात.

अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असेल तर कंट्रोलर फार वेळ हाती धरू नये. अशांसाठी टेबलाला आवळून बसवायचे स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायचे पेडल हा संच अधिक सुखकर असतो. यांतील बरीच स्टिअरिंगे ९०० अंशांपर्यंत, म्हणजे अडीच फेरे, फिरतात. त्यामुळे जुनी सवय उपयोगी पडते. त्यांच्या आत मोटर असते आणि ती रस्त्याचा जोर हातांना परत देते. हा जोर आरंभी निम्म्याहून कमी ठेवावा. अंगठे चक्राच्या आतील दांड्यांना अडकवून धरण्याची सवय अनेकांना असते, ती इथे सोडावी. मोटार आदळली की चक्र झटका देते आणि मनगट किंवा अंगठा दुखावू शकतो. अंगठे चक्राच्या कडेवर मोकळे असावेत.

पेडलचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा. स्वस्त संचातील ब्रेक पाऊल किती खाली गेले एवढेच मोजतो. महागड्या संचात पायाचा जोर मोजला जातो. खऱ्या मोटारीत आपला पाय जोर ओळखतो, अंतर नव्हे. त्यामुळे ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीवर पाय बसलेली माणसे स्वस्त पेडल एकदम तळापर्यंत दाबतात आणि पडद्यावरची चाके जाम होऊन मोटार घसरते. दोनतीन दिवसांत हे सुधारते. पण तसे झाले नाही, पाऊल पेडलवर आहे की बाजूला हे खाली वाकून पाहिल्याशिवाय कळेनासे झाले, तर गोष्ट वेगळी. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांच्या तळपायांची संवेदना हळूहळू कमी होते आणि पुष्कळदा ते स्वतःच्याही लक्षात येत नाही. असे काही जाणवल्यास गेमचे सेटिंग बदलत बसू नये. डॉक्टरांकडून पावलांची तपासणी करून घ्यावी आणि तोपर्यंत खरी गाडीही चालवू नये. मधुमेही व्यक्तीने हे पेडल अनवाणी पायांनी वापरूच नयेत. प्लॅस्टिकच्या कडेने झालेले ओरखडे बधिर पायाला समजत नाहीत आणि पुढे चिघळतात. मऊ तळाचे बंद बूट घालावेत.

मोटारीच्या वागण्याविषयीही दोन शब्द. ‘ग्रान टुरिस्मो’ किंवा ‘असेत्तो कोर्सा’ यांसारखे गेम मोटारीचे वजन, टायरची पकड आणि रस्त्याचा उतार यांचे गणित मांडून चालतात. टायरची पकड ही मोजकी शिदोरी आहे. ती ब्रेकवर खर्च केली तर वळण्यासाठी उरत नाही. म्हणून सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा, ब्रेक सोडत सोडत वळायचे आणि वळण सुटू लागले की हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचा. घाटात गाडी घातलेल्यांना हे सांगण्याची गरज नाही. त्यांनी तेच करावे, फक्त पाचपट सौम्यपणे. गेममधील एबीएस आणि चाके निसटू न देणारी सहाय्ये चालू ठेवावीत. ती बंद करण्यात तरुण मुलांना भूषण वाटते, आपल्याला वाटण्याचे कारण नाही.

सर्वांत मोठी अडचण मात्र हातापायांची नसून मळमळीची असते. डोळे सांगतात की आपण वेगाने चाललो आहोत, आतला कान सांगतो की आपण खुर्चीत स्थिर आहोत. या विसंगतीने डोके जड होते, घाम फुटतो, जांभया येतात, पोटात ढवळते. वाहनचालनाच्या कृत्रिम यंत्रांवर झालेल्या अभ्यासांत हा त्रास तरुणांपेक्षा वृद्धांना अधिक होतो असे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. यात धैर्याची परीक्षा पाहण्यासारखे काहीही नाही. पहिली जांभई किंवा पहिला घाम हीच थांबण्याची खूण समजावी. ‘एवढी फेरी पूर्ण करतो’ म्हणणारा पुढचे दोन तास पलंगावर काढतो. पहिल्या आठवड्यात एका वेळी दहा मिनिटे पुरेत. खोलीत दिवा चालू असावा, पंखा तोंडावर असावा, आणि जेवण झाल्याबरोबर बसू नये. सेटिंगमध्ये दृश्य धूसर करणारा आणि कॅमेरा हलवणारा परिणाम बंद करता येतो, तो आधी बंद करावा. वळणांनी भरलेल्या शर्यतीपेक्षा लांब सरळ रस्ता बरा. डोळ्यांवर बांधायचा आभासी चष्मा ज्येष्ठांनी टाळलेलाच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. खेळून उठल्यावर पाच मिनिटे बसून राहावे, मगच जिना चढावा; तोल गेलेला असताना पडून मांडीचे हाड मोडणे हे कोणत्याही खेळाला फार महाग पडते. फिट येण्याचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लुकलुकणाऱ्या पडद्यासमोर बसूच नये.

चष्म्याकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. दुहेरी भिंगाच्या चष्म्याचा वरचा भाग दूरसाठी आणि खालचा वाचनासाठी असतो. टेबलावर स्टिअरिंग आणि समोर दोन-अडीच फुटांवर संगणकाचा पडदा असला की तो नेमका या दोहोंच्या मधल्या अंतरावर येतो. मग हनुवटी वर करून पाहण्याची सवय लागते आणि मान आखडते. दोष गेमवर जातो, असतो चष्म्याचा. टीव्ही सात-आठ फुटांवर असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही. खुर्ची चाकांची नको, कारण ब्रेक दाबताच ती मागे सरकते. पाठीला टेकू असलेली, हातांची, जड खुर्ची भिंतीला लावून ठेवावी.

कोणता गेम निवडावा? आरंभालाच शर्यत नको. चेक प्रजासत्ताकातील कंपनीने २०१२ साली आणलेला ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा गेम आपल्या वयाला मानवणारा आहे. त्यात मालाने भरलेला ट्रक एका शहरातून दुसऱ्या शहरात न्यायचा असतो. सिग्नल पाळायचे, डिझेल भरायचे, झोप येऊ लागली की थांबायचे. बहुतेक युरोपात वाहने उजवीकडून चालतात, त्याने आपला गोंधळ उडतो. म्हणून प्रवास ब्रिटनमधून सुरू करावा आणि स्टिअरिंग उजव्या बाजूला असलेला ट्रक निवडावा. तिथे आपल्यासारखेच डावीकडून चालवतात. मोबाइलवरचा इंडोनेशियन बसचा गेमही मुलांत लोकप्रिय आहे आणि त्यात बसला हवा तो रंग चढवता येतो. निवृत्त एस. टी. चालकाला नातवाने लालपरी तयार करून दिली, तर तिच्यावर बोलण्यासारखे आजोबांजवळ पुष्कळ असते. आजींनाही कंट्रोलर द्यावा. ज्यांना खऱ्या गाडीचे स्टिअरिंग कधी कोणी हाती दिले नाही, त्यांच्याजवळ मोडायला जुनी सवयही नसते.

याने बुद्धी तल्लख होते का, हा प्रश्न हमखास विचारला जातो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ‘न्यूरोरेसर’ नावाचा गेम खास यासाठीच तयार केला आणि २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६० ते ८५ वयाच्या लोकांनी वळणावळणाच्या रस्त्यावर मोटार सांभाळत विशिष्ट खूण दिसताच बटण दाबायचे होते. महिनाभरात एकूण १२ तास सराव केल्यावर एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकली. ज्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र न करता सुट्या सुट्या केल्या, त्यांना मात्र असा लाभ झाला नाही. तेव्हा दुकानातला कोणताही मोटारींचा गेम म्हणजे औषध, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पक्षाघातानंतरच्या रुग्णांवर बेल्जियममध्ये झालेला, २००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोगही सांगण्यासारखा आहे. ८३ रुग्णांपैकी काहींना खऱ्या मोटारीसारख्या यंत्रावर १५ तास सराव दिला, इतरांना बौद्धिक कोडी दिली. यंत्रावर शिकलेल्यांपैकी ७३ टक्के, तर इतरांपैकी ४२ टक्के लोकांना पुन्हा वाहन चालवण्याची अधिकृत अनुमती मिळाली. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा हा फरक ओसरला होता. शिवाय तो सराव तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होता, दिवाणखान्यात नव्हे.

ज्यासाठी हा लेख लिहिला, तो मुद्दा इथे येतो. ज्या घरात वडिलांनी गाडी चालवणे थांबवावे की नाही यावर आधीच ताण आहे, तिथे हा गेम पुरावा म्हणून वापरला जातो. ‘बघा, गेममध्येसुद्धा भिंतीवर घालता’ असे मुलगा म्हणतो. महिनाभराने वडील सराईत होतात आणि म्हणतात, ‘मी अजून चालवू शकतो, परवा पाहिलेस ना?’ दोघांचेही म्हणणे चुकीचे आहे. गेममध्ये आदळणे ही अपात्रता नव्हे आणि गेममध्ये जिंकणे हा परवाना नव्हे. पाहायच्या गोष्टी निराळ्या आहेत: समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात का, मान वळवून मागचे पाहता येते का, औषधांनी गुंगी येते का, गाडीवर नवे ओरखडे दिसू लागले आहेत का, ओळखीच्या रस्त्यावर वळण चुकते का. कायद्यानुसार वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर परवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते ओळखीच्या डॉक्टरांकडून सही घेऊन उरकण्याचा कागद समजू नये. त्या निमित्ताने डोळे, पाय आणि मान खरोखर तपासून घ्यावेत.

आणि थांबायचेच ठरले, तर चावी मागण्यापूर्वी घरच्यांनी एका कागदावर काही गोष्टी लिहून काढाव्यात. नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोण नेणार, शेतावर आठवड्यातून किती वेळा आणि कोणाच्या गाडीतून जाणार, नात्यातील लग्नांचे काय. देगलूरसारख्या गावात गाडी सोडणे म्हणजे आपल्या मर्जीने बाहेर पडणे सोडणे असते, हे मुलांनी विसरू नये. ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एस. टी.चा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे आहे. मात्र ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच असल्याने हैदराबादच्या बसमध्ये सीमेपुढचे तिकीट काढावे लागते. आधार कार्ड खिशात असू द्यावे.