हाडातली काळी पोकळी

क्रिकेट खेळताना मूल पडतं. मार किरकोळ, पण दंडाचं हाड मोडतं. एक्स-रेमध्ये खांद्याजवळ एक काळी पोकळी दिसते आणि आईवडिलांच्या तोंडचं पाणी पळतं, ‘कॅन्सर तर नाही ना?’ रेडिओलॉजिस्ट म्हणून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. त्याचं उत्तर पुष्कळदा त्या साध्या एक्स-रेतच असतं. तो फक्त क्रमानं वाचावा लागतो.

आधी वय आणि जागा. साधी बोन सिस्ट, म्हणजे हाडातली पाण्यानं भरलेली पोकळी, बहुतेक वेळा पाच ते पंधरा या वयात सापडते, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाचं वरचं टोक ही तिची ठरलेली ठिकाणं. ती हाडाच्या मधोमध, वाढीच्या पट्टीच्या खालच्या अंगाला असते. मूल वाढतं तसं मध्ये नवं हाड तयार होतं आणि सिस्ट पट्टीपासून लांब जाते. पट्टीला चिकटलेली सिस्ट पुन्हा उद्भवण्याचा धोका अधिक, म्हणून हे अंतर मी रिपोर्टमध्ये आवर्जून लिहिते.

मग कडा. निरोगी हाड आणि पोकळी यांची सीमा पेन्सिलीनं आखल्यासारखी स्वच्छ असेल, तर जीव थोडा भांड्यात पडतो. हाडाची बाहेरची भिंत पातळ झालेली असते, पण फुटून आजूबाजूच्या स्नायूंत गोळा आलेला नसतो. फ्रॅक्चर झालं असेल तर मी पोकळीचा तळ निरखते. भिंतीचा कपचा तुटून तिथे जाऊन बसलेला दिसला, की आत घट्ट मांस नसून पाणी आहे हे कळतं. भरीव गाठीत कपचा खाली जाईल कसा? या खुणेला ‘फॉलन फ्रॅगमेंट’ म्हणतात. ती दरवेळी सापडत नाही, पण सापडली तर निदान जवळजवळ पक्कं होतं.

रक्तानं भरलेल्या अ‍ॅन्युरिझमल बोन सिस्टचं प्रकरण वेगळं. ती बहुधा हाडाच्या एका अंगाला फुगते. एमआरआयमध्ये मूल निजलेलं असताना आतल्या रक्तातल्या पेशी तळाशी बसतात, वर पातळ द्रव राहतो आणि दोहोंमध्ये आडवी सरळ रेघ उमटते. पण अशीच रेघ टेलँजिएक्टॅटिक ऑस्टिओसार्कोमा या कर्करोगातही दिसते. त्यामुळे रेघेवर विसंबून निर्धास्त होता येत नाही. तिथे बायोप्सी लागतेच. कडा पुसट असेल, फ्रॅक्चर नसताना हाडावरचं आवरण उचललं गेलं असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर एक दिवसही दवडू नये. आपल्याकडे हाडाचा क्षयरोगही अशी पोकळी करू शकतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

साध्या सिस्टवर दरवेळी शस्त्रक्रिया लागत नाही. इटलीतल्या डॉक्टर स्कॅलिएत्ती यांनी 1979 मध्ये स्टेरॉइड इंजेक्शनच्या उपचाराचे निष्कर्ष मांडले. तो आजही वापरात आहे. काही सिस्टवर नुसती नजर ठेवली तरी भागतं. मात्र त्या पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून ठरावीक काळानं एक्स-रे काढून पाहावाच लागतो.

आईवडिलांना माझं एकच सांगणं आहे: मुलाचा पहिला एक्स-रे जपून ठेवा आणि प्रत्येक तपासणीला सोबत आणा. पोकळी वाढली की भरत आली, हे जुना आणि नवा शेजारी लावल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही.